खांद्यावरचा घट्टा

जेरुसलेमच्या जुन्या तटाच्या आत, ज्यू मोहल्ल्यात, बेखोर नहमियास हा पिंजारी राहायचा. बाप पिंजारी, आजा पिंजारी. त्याच्या आधीच्या कुणाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, एवढंच की चारशे वर्षांपूर्वी राजाने स्पेनमधून हाकललं तेव्हा घरातलं कुणीतरी फिरत फिरत इथे येऊन टेकलं. घरात अजून ती जुनी स्पॅनिश चालायची, बाजारात अरबी, आणि हिब्रू फक्त देवाशी बोलायला.

पावसाळी थंडी सरली की बायका गाद्या उसवून लोकर धुवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या आणि मग उस्ता, म्हणजे कारागीर, बेखोरला निरोप जायचा. मुसलमानांच्या घरी, आर्मेनियन पाद्र्यांच्या मठात, तटाबाहेर काटामोनमधल्या डॉक्टर-वकिलांच्या बंगल्यांत, सगळीकडे. लोकर पिंजायची पुरुषभर उंचीची धनुकली उजव्या खांद्यावर टाकून तो चाळीस वर्षं त्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या चढला-उतरला. त्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा पडला होता. बायको ग्रासिया त्याला चिडवायची, "उंटाला पाठीवर असतं, माझ्या नवऱ्याला खांद्यावर."

ग्रासियाला दमा होता. तीस वर्षं लोकरीच्या धुळीत संसार केल्यावर दुसरं काय होणार? मुलगी एकच, एस्त्रेया. बाविशीची, मोहल्ल्यातल्या दवाखान्यात परिचारिका. संध्याकाळी मात्र ती कुठल्या कुठल्या बैठकांना जायची आणि येताना डोक्यात ज्यूंचं राज्य घेऊन यायची. जेवताना रोज खटका उडायचा.

"राज्य, राज्य काय लावलंयस?" बेखोर म्हणायचा. "तुर्क आले नि गेले. इंग्रज आले, तेही निघालेत. आपण इथेच आहोत. कुणाचंही राज्य असो, झोपायला गादी लागतेच."

"चारशे वर्षं भाडेकरू म्हणून राहिलो, बाबा. कधी ह्याची मेहेरबानी, कधी त्याची. युरोपात मारले गेले त्या साठ लाखांच्या घरांतही गाद्या होत्याच ना?"

यावर बेखोर पुढचा घास घ्यायचा.  मुलीचं बरोबर आहे असं मात्र त्याच्या तोंडून निघत नसे.

सत्तेचाळीसच्या नोव्हेंबरात दूर अमेरिकेत जगातल्या देशांचं मतदान झालं. देश दोघांत वाटायचा, एक तुकडा ज्यूंचा, एक अरबांचा. तटाबाहेरच्या नव्या शहरात लोक रस्त्यावर नाचले. मोहल्ल्यात म्हाताऱ्यांनी दिवे लावले आणि दारं लावून घेतली. आठवड्याभरात दगडफेक सुरू झाली, मग गोळीबार. तरी बेखोर एकदा लोकर आणायला बाजारात गेलाच. लोकरीचा व्यापारी हाजी फौझी त्याचा तीस वर्षांचा स्नेही. त्याने कॉफी मागवली, पण स्वतःचा पेला ओठाला लावला नाही.

"उस्ता, आता येऊ नकोस."

"का? माझं तोंड पाहवत नाही का?"

"मी तुला ओळखतो रे. गल्लीच्या तोंडाशी बंदुका घेऊन उभी आहेत ती पोरं नाही ओळखत. आणि मी मध्ये पडलो तर मलाही ओळखणार नाहीत."

हाजी स्वतः त्याला मोहल्ल्याच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. त्यानंतर तो कोपरा बंद झाला. वाळूची पोती पडली, काटेरी तारा आल्या, मध्ये इंग्रजांची चौकी बसली. मोहल्ला असा केवढा? या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जाईल. दोन हजार माणसं त्यात अडकली. आठवड्यातून एकदा इंग्रजांच्या पहाऱ्यात ट्रक यायचे: पीठ, रॉकेल, डाळ, पत्रं. जाताना ते माणसं घेऊन जायचे. ज्याला जायचं त्याने जावं, मात्र गेलेल्याला परत येऊ देत नव्हते.

फेब्रुवारीत ग्रासियाच्या दम्याने उचल खाल्ली. भिंतीला टेकून ती श्वास ओढत बसे. शेजारीण ट्रकमध्ये चढताना म्हणाली, "चल गं, अजून दोन जागा आहेत." ग्रासियाने नवऱ्याकडे पाहिलं.

"दुकानाला कुलूप लावून जायचं?" बेखोर म्हणाला. "परत आलो तर ते कुलूप तरी जागेवर असेल का? असले दंगे मी एकोणतीस साली पाहिलेत, छत्तीस साली पाहिलेत. होतं सगळं शांत."

ट्रक गेला. ग्रासिया भिंत धरत आत गेली, आणि तिची ती पाठ बेखोरला पुढे किती महिने दिसत राहिली.

एप्रिलमध्ये तो स्वतःच अम्नोनकडे गेला. अम्नोन हा मोहल्ल्याच्या रक्षणाला बाहेरून चोरून आलेल्या पोरांचा म्होरक्या. चोवीस वर्षांचा, किब्बुत्झमध्ये, ज्यूंच्या सामाईक शेतवस्तीत, गाई सांभाळलेला, झोप न झाल्याने डोळे लाल.

"बायकोला बाहेर काढायचंय. दम लागतोय तिला."

"नाही जमणार, काका."

"इंग्रज सोडतायत, अरब सोडतायत, आणि तू अडवणार?"

"आज तुम्ही गेलात की उद्या वीस घरं जातील. माणसंच राहिली नाहीत तर आम्ही राखायचं काय, दगड? लोक गेले की मोहल्ला गेला. मोहल्ला गेला की जेरुसलेम गेलं."

"माझी बायको म्हणजे तुझं जेरुसलेम आहे का रे?"

अम्नोनने मान खाली घातली, पण परवानगी दिली नाही. उलट जाताना म्हणाला, "काका, तुमच्या दुकानात गाद्या किती आहेत? खिडक्यांना लावायला हव्यात. लोकर गोळी अडवते."

बेखोर तणतणत घरी आला. एस्त्रेया दारातच उभी होती. "तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. "तुझ्या आईला तुझीच माणसं सोडत नाहीत, हे ठाऊक होतं तुला?"

"होतं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "मीच त्यांना म्हटलं, माझ्या घरासाठी वेगळा नियम करू नका."

बेखोरने हात उगारला, तसाच खाली घेतला आणि मुलीशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी समोरच्या बेकरीवाल्याच्या बायकोला खिडकीतून गोळी लागली. बेखोर उठला, दुकान उघडलं, होत्या नव्हत्या तेवढ्या एकवीस गाद्या काढून दिल्या. नुसत्या दिल्या नाहीत. कोणती खिडकी किती रुंद ते पाहून खोळी उसवल्या, लोकर दाबून भरली, दाभणाने जाड टाके घातले. मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोर्च्यावर त्याच्या हातची गादी उभी राहिली.

तेरा मे रोजी इंग्रज गेले. बूट आपटत, वाजंत्री वाजवत. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ग्रासिया शनिवारच्या शब्बाथचं, रात्रभर शिजायचं हमीन चुलीवर चढवत होती. मांस नव्हतंच, नुसती डाळ आणि दोन कांदे. एस्त्रेया धावत आली. एप्रनवर रक्ताचे डाग, चेहरा मात्र उजळलेला.

"बाबा! राज्य झालं! आपलं राज्य झालं!"

"कुठे?" बेखोरने विचारलं.

"कुठे म्हणजे? तेल अवीवला जाहीर केलं. रेडिओवर सांगितलं."

"मग तिथेच असेल. इथे तर दोनशे पावलांवर तटाची भिंत आहे."

ग्रासिया मात्र डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत होती. "माझ्या आजोबांनी हे ऐकायला हवं होतं," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिला दम लागला. बेखोर तिची पाठ चोळत राहिला. त्यालाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगा. पण ते बोलून दाखवण्याआधीच पहिला तोफगोळा पडला.

पुढचे चौदा दिवस मोहल्ला रोज एका गल्लीने आखडत गेला. माणसं सिनेगॉगच्या तळघरात दाटीवाटीने बसली. विहिरीचं पाणी पेल्याने वाटलं जाई. दिवस कुठला, वार कुठला, कळेनासं झालं. एका दुपारी तळघरात वास आला आणि बेखोर ताडकन उठला. जळत्या लोकरीचा वास. केस जळल्यासारखा. दुसऱ्या कुणाला कळलं नाही. त्याला कळलं की दुकान गेलं. तो पुन्हा खाली बसला. ग्रासियाने त्याचा हात हातात घेतला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "फेब्रुवारीत दोन जागा होत्या."

"गप बस," ती म्हणाली. "श्वास पुरत नाही मला, त्यात तुझी रड कुठे ऐकू?"

अठ्ठावीस मे, पुन्हा शुक्रवार. दोन म्हातारे हखाम, म्हणजे धर्मगुरू, पांढरी चादर घेऊन बाहेर पडले. मोहल्ला शरण गेला. ठरलं ते असं: बायका, मुलं, म्हातारे यांनी झायन दरवाजातून नव्या शहरात जायचं, लढणारे कैदी होणार.

सगळ्यांना चौकात उभं केलं. अरब सैन्याचा अधिकारी तरुण होता, इस्त्रीची खाकी, शिस्तीचा. मागे जमलेला जमाव पुढे रेटत होता, तर त्याच्याच शिपायांनी हातात हात गुंफून तो थोपवून धरला होता. अधिकारी म्हणाला, "लढवय्ये पुढे या." पस्तीस पोरं पुढे आली. अम्नोन लंगडत होता.

"बाकीचे?"

"एवढेच," अम्नोन म्हणाला.

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. पंधरा दिवस त्याचे शिपाई मरत होते, ते या पस्तीस पोरांपायी? हे वर कसं सांगायचं? त्याने हुकूम सोडला, धडधाकट दिसेल तो पुरुष काढा. शिपाई रांगेतून फिरू लागले. कुणाचा हात पाहा, कुणाची बोटं हुंगा. एकाने बेखोरचा सदरा खांद्यावरून ओढला आणि ओरडला, "हा पाहा! बंदुकीच्या दस्त्याचा घट्टा!"

बेखोर स्वच्छ जेरुसलेमी अरबीत म्हणाला, "साहेब, मी पिंजारी आहे. धनुकलीचा आहे तो. बाजारात कुणालाही विचारा, हाजी फौझीला विचारा."

अधिकाऱ्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्याआधी एकाने मास्तर असल्याचं सांगितलं होतं, एकाने खाटीक, चौघांनी देवाची सेवा करतो म्हणून.

"आज इथे सगळेच पिंजारी आणि सगळेच धर्मगुरू," तो थकून म्हणाला. "मग गोळ्या कोण झाडत होतं? भिंती? चला, पुढे व्हा."

"बेखोर!" ग्रासिया गर्दीतून ओरडली. तिला पुढचा शब्द फुटेना. दम लागला होता. एस्त्रेयाने तिला दोन्ही हातांनी धरलं. मुलगी बापाकडे पाहत होती आणि बाप मुलीकडे. बोलायला दोघांच्या मध्ये शिपाई होते. त्याने फक्त छातीवर हात ठेवून बोटाने ग्रासियाकडे दाखवलं: हिला सांभाळ. मग त्या दोघी तेराशे माणसांच्या लोंढ्यात दरवाजाकडे वाहत गेल्या. बेखोरला ठाऊक होतं तेवढ्या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी कैदेत गेलं, तेही सैनिक म्हणून, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

जॉर्डन नदीपलीकडे वाळवंटात तंबूंची छावणी होती. काळे दगड, काटेरी तार, आणि तारेपलीकडे क्षितिजापर्यंत काही नाही. बेखोरला तारेपेक्षा त्या काही-नाहीची धास्ती वाटे. मोहल्ल्यात निदान भिंती ओळखीच्या होत्या. दिवसा तंबू तव्यासारखा तापे. अम्नोनची पोरं हिब्रूचे वर्ग घेत, नकाशे काढत, गाणी म्हणत. बेखोर गवताच्या गाद्या उसवून पुन्हा भरत बसे. हाताला दुसरं काही सुचतच नव्हतं.

ते पहारेकऱ्यांच्या हवालदाराने पाहिलं. अबू नायेफ त्याचं नाव, बेदुइन, मिशा पिळलेल्या.

"तुला खरंच येतं हे?"

"नाही, मी तोफखान्यात होतो," बेखोर म्हणाला.

अबू नायेफ हसला. चार दिवसांनी तो मेंढ्यांची लोकर, सुती कापड आणि उंटाच्या आतड्याची तात घेऊन आला. मुलीचं लग्न होतं. रजई हवी होती. बेखोरने तंबूचा बांबू वाकवून धनुकली केली. तात ओढली, एकदा छेडली, आणि नुसता तो घुमणारा आवाज ऐकायला पुन्हा छेडली.

संध्याकाळी अम्नोनच्या तंबूतला एक पोरगा येऊन उभा राहिला. "शत्रूच्या पोरीला रजई शिवतोयस, काका? लाज नाही वाटत?"

"तुझ्या खिडकीला गादी शिवली तेव्हा लाज वाटली नाही," बेखोर मान वर न करता म्हणाला. "लोकरीला तुझं-त्याचं कळत नाही. मला गोळी झाडता येत नाही, तुला टाका घालता येत नाही. जा, झोप जा."

बाकीची पोरं पंधरा दिवस त्याच्याकडे फिरकली नाहीत. फक्त अम्नोन येऊन शेजारी बसे, लोकर विंचरून देई. एकदा तो अचानक म्हणाला, "त्या एप्रिलात मी काकूंना जाऊ द्यायला हवं होतं का?"

बेखोरने दाभण थांबवलं. "मला तू विचारू नकोस. फेब्रुवारीत मीच जाऊ दिलं नव्हतं."

रजई झाली. बाराशे टाके, मध्ये डाळिंबाची नक्षी. अबू नायेफ ती हातात घेऊन उभाच राहिला. मग तडक ती घेऊन छावणीच्या साहेबाकडे गेला. तासाभराने दोघे आले. साहेबाने रजई उलटवून पाहिली, बेखोरचा सदरा बाजूला सारून खांदा पाहिला.

"तू खरंच पिंजारी आहेस," साहेब म्हणाला.

"मी मे महिन्यात हेच सांगत होतो."

"सैनिक नाहीस."

"नाही."

"पण यादीत तू सैनिक आहेस," साहेब म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कणव होती. "यादी वर गेलेली आहे. ती बदलणं माझ्या हातात नाही."

त्या दिवशी बेखोर पहिल्यांदा रडला. कुणाचा विश्वास बसत नव्हता तोवर त्याला आशा होती, कधीतरी खरं कळेल. आता खरं सगळ्यांना कळलं होतं आणि तार जिथल्या तिथे होती.

हिवाळ्यात रेड क्रॉसचा माणूस आला. टेबल मांडून एकेकाला बोलवू लागला. नाव, वय, धंदा.

"राष्ट्रीयत्व?"

बेखोर गोंधळला. "जन्मलो तेव्हा तुर्की सुलतानाची रयत होतो. मग इंग्रजांनी पॅलेस्टाईनचा पासपोर्ट दिला. आता काय?"

"आता इस्रायल म्हणून देश आहे. तुम्ही त्याचे सैनिक म्हणून इथे कैदेत आहात."

"मी त्या देशात कधी पाऊल ठेवलेलं नाही."

तो स्विस माणूस पेन उचलून थांबला. मागे रांगेत अम्नोन होता.  बेखोरने तारेकडे पाहिलं. ज्या राज्याने त्याला विचारलं नव्हतं, ज्याने त्याच्या बायकोला अडवलं, ज्याच्यापायी दुकान जळलं, तेवढं एकच राज्य होतं जे त्याला परत मागत होतं. दुसरं कोण मागणार होतं? सुलतान?

"लिहा," तो म्हणाला. "इस्रायल लिहा."

ग्रासियाचं पत्र त्या माणसाकडूनच मिळालं. एस्त्रेयाच्या अक्षरात होतं. *आई बरी आहे. घर मिळालंय. तुम्ही या.*

मार्चच्या सुरुवातीला कैद्यांची शेवटची तुकडी सुटली. बेखोर त्यात होता. नव्या शहरात ट्रक थांबला, बँड वाजला, कुणीतरी गळ्यात हार घालायला आलं. त्याला काहीच दिसत नव्हतं. गर्दीतून काठी टेकत ग्रासिया आली, आणि दोघं भर रस्त्यात एकमेकांना धरून उभी राहिली. एस्त्रेया म्हणाली, "चला बाबा, घर काटामोनमध्ये आहे."

बागेच्या लोखंडी फाटकाशी बेखोर थबकला.

"आत उजवीकडे जिना आहे," तो म्हणाला. "वर गच्चीत द्राक्षाचा मांडव."

"तुला कसं माहीत?" ग्रासिया दचकली.

"डॉक्टर सलामेचं घर आहे हे. नज्लाबाईंचं. दर उन्हाळ्यात चार दिवस असायचो इथे. बाई दुपारी लिंबाचं सरबत पाठवायची." तो फाटकाची कडी धरून उभा होता. "कुठे गेले ते?"

"गेल्या वर्षी एप्रिलात लढाई झाली तेव्हा गेले. बैरुतला म्हणतात," ग्रासिया म्हणाली. " आम्हाला सरकारने हे दिलं. एका खोलीत एक कुटुंब, चार कुटुंबं आहोत."

"त्यांना परत येऊ देतात?"

एस्त्रेया म्हणाली, "आपल्याला मोहल्ल्यात जाऊ देतात का, बाबा?"

"मी ते विचारलं नाही," बेखोर म्हणाला.

खोलीत पलंगावर नज्लाबाईंसाठी शिवलेली त्याच्याच हातची गादी होती. त्या संध्याकाळी तो जमिनीवर सतरंजी टाकून झोपला. दुसऱ्या दिवशीही. ग्रासिया चिडली, "नऊ महिने दगडांवर झोपलास, अजून हौस फिटली नाही? मी झोपते ना यावर? मी पापी आहे का?"

"तू झोप. तुझी छाती धरते जमिनीवर. मला झेपत नाही."

"मग दुसरीकडे घर माग."

"कुठे? इथलं प्रत्येक घर मला माहीत आहे. प्रत्येक गच्चीवर मी पिंजलंय."

हे तो तक्रारीने बोलला नाही. तसं होतंच ते. तो ज्या घरात जाईल त्याचं कुलूप त्याला ओळखीचं निघणार होतं, आणि ज्या घराची त्याला आस होती ते तटापलीकडे, मधल्या तारांच्या आणि सुरुंगांच्या पट्ट्यापलीकडे होतं. पायी वीस मिनिटांवर.

उन्हाळा आला तेव्हा त्याने ती गादी गच्चीवर नेली. उसवली, लोकर धुतली, वाळवली, पिंजली, नवी खोळ घातली. मग चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली. ग्रासियासाठी दुसरी शिवली. एस्त्रेया तोवर कैदेतून सुटलेल्या अम्नोनशी लग्न करून त्याच्या किब्बुत्झमध्ये राहायला गेली होती. भेटायला आली तेव्हा तिने गुंडाळी पाहिली.

"कोण येणार आहे ती न्यायला, बाबा?"

"कुणी नाही. मला कळतं तेवढं."

"मग?"

"तुझं राज्य मी कागदावर मान्य केलंय ना? सही केली, मतदानालाही जाईन. पण कुणाच्या गादीवर झोपायचं आणि कुणाच्या नाही, एवढं माझं मला ठरवू दे."

एस्त्रेया आईला मदत करायला आत गेली.

बेखोरने काटामोनच्या कोपऱ्यावर छोटं दुकान टाकलं. इराकहून, येमेनहून आलेल्या ज्यूंच्या छावण्यांसाठी त्याने शेकडो गाद्या शिवल्या. गिऱ्हाईक नवीन, भाषा नवीन, आणि तो शिकलाही. शेवटपर्यंत तटाच्या बाजूला मात्र तो कधी फिरकला नाही, कुणी उंच गच्चीवरून जुना मोहल्ला दाखवतो म्हणालं तर म्हणे, "मला दुरून पाहायची सवय नाही." अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने तो गेला.

पुढच्या वसंतात त्यांच्याच मजल्यावर मोरोक्कोहून एक कुटुंब आलं. पाच जण, आणि अंथरायला काही नाही. ग्रासियाने स्टुलावर चढून, मध्ये दोनदा दम खात, ती गुंडाळी खाली काढली आणि त्या बाईच्या हातात दिली.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने शिवलेली आहे, पण आमची नाही. तरी घ्या. लोकर चांगली आहे."